धिरयो, टक्कर, कोंबडबाजार : बघायला जाणाऱ्यावरही गुन्हा हवा

तिलारीकाठ

मी मूळचा दोडामार्गचा, नोकरीनिमित्त मडगावात असतो. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी ऑफिसातला एकजण म्हणाला, "आज धिरयो आहे, येतोस?" धिरयो म्हणजे बैलांची झुंज. लहानपणी आमच्या बाजूला अशी झुंज असली की आबा आम्हाला घराबाहेर पाऊल टाकू देत नसत, त्यामुळे मी ती कधी बघितलीच नव्हती. दोन दिवस राहायला आलेला नऊ वर्षांचा भाचा घरी होता, त्यालाही बरोबर घेतलं. ही माझी चूक, ती आधीच सांगून टाकतो.

जागा शेवटच्या अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर कळली. कापणी झालेलं भाताचं शेत, बांधाला लागून दुचाक्यांची रांग. गाडी लावायचे एका पोराने शंभर रुपये घेतले. कुंपण नाही, दोरी नाही, एक बांबूसुद्धा रोवलेला नाही. माणसंच गोल करून उभी होती.

दोन बैल आणले, एक काळा आणि एक तांबडा. कपाळाला कपाळ भिडलं तेव्हा सुका वासा मोडावा तसा आवाज झाला. पुढची दहाएक मिनिटं लांबून बघणाऱ्याला काही घडतंय असं वाटलंच नसतं. दोघे नुसते एकमेकांना रेटत उभे. मी पहिल्या रांगेत होतो म्हणून मला दिसलं. तांबड्याच्या मागच्या मांड्या थरथरत होत्या, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं आणि उजव्या डोळ्यावरून निघालेली रक्ताची धार नाकपुडीपर्यंत आली होती. तो दोनदा मागे सरला. दोन्ही वेळा मागच्या माणसांनी आरडाओरडा करून, शेपूट पिळून त्याला परत पुढे घातला.

तिसऱ्यांदा तो वळला तो थेट आमच्या अंगावर. कोणीतरी ओरडलं, "पळालो, पळालो! बाजूक व्हा!" भाच्याला उचलून मी बांधाखाली उडी टाकली. बैल हातभर अंतरावरून गेला. त्याच्या अंगाच्या घामाचा आणि तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे. नंतर टेंपोजवळ मालक स्वतःचा शर्ट काढून त्याचा डोळा पुसत होता आणि रडत होता. त्याच्यापासून चार पावलांवर दुसरा माणूस नोटा मोजत होता.

रात्री बहिणीने माझ्या मोबाइलमधला व्हिडिओ बघितला. "तू त्याला तिथे कशाला नेलंस?" एवढंच विचारलं तिने. मला उत्तर देता आलं नाही.

मग मी कायदा वाचायला बसलो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डिसेंबर १९९६ मध्ये धिरयोवर बंदी आणली, म्हणजे मी जे बघितलं ते बेकायदेशीर होतं. त्याच वर्षी बाणावलीत एका प्रेक्षकाचा बैलाच्या शिंगाने जीव गेला होता, त्यातून प्रकरण कोर्टात पोचलं. मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या ११ व्या कलमात करमणुकीसाठी जनावरांना एकमेकांवर घालणारा गुन्हेगार आहे. जागा चालवणारा, जागा देणारा आणि आत सोडण्याचे पैसे घेणारा हेही गुन्हेगार आहेत. शिक्षा काय? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी गाडी लावायला जेवढे पैसे दिले त्याच्या निम्म्यात पहिल्यांदा सापडलेला आयोजक सुटतो.

आणि मी? मी त्या कलमात कुठेच नाही.

हेच मला पटत नाही. दोन सांड रानात समोरासमोर आले तर एकमेकांना जोखतात, थोडी ढुशी देतात, आणि ज्याला आपण कमी पडतोय असं वाटतं तो निघून जातो. तांबड्याला दोनदा निघून जायचं होतं. त्याला वाट नव्हती, कारण वाटेवर आम्ही उभे होतो. त्या झुंजीचं कुंपण आम्ही होतो. आम्ही घरी बसलो असतो तर ना गाडीचे पैसे, ना पैजा, ना झुंज.

माझं म्हणणं असं. झुंज आहे हे माहीत असून तिथे जाणं हा गुन्हा ठरावा. दंड आजच्या काळातला असावा. आणि लहान मुलाला घेऊन जाणाऱ्याला, म्हणजे माझ्यासारख्याला, वेगळी आणि जास्त शिक्षा असावी. तुम्हाला काय वाटतं?

---

सासष्टीकार

धागा प्रामाणिकपणे लिहिला आहे म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे विरोध नोंदवतो.

माझ्या मामांकडे धिरीचा, म्हणजे धिरयोत उतरवायचा बैल होता. त्याला कुळीथ शिजवून घालायचे, अंडी द्यायचे, सकाळी किनाऱ्यावर वाळूत चालवायला न्यायचे. मामी त्याच्याआधी जेवत नसे. आमच्याकडे शेतात ट्रॅक्टर आल्यावर गोठे रिकामे झाले, नांगराचे बैल गेले. जे चार बैल गावात उरले ते धिरयोमुळे. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या दिवसांत संध्याकाळी अख्खा वाडा शेतात जमायचा, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही. शेजाऱ्याशी वर्षभर न बोललेला माणूस तिथे बोलायचा.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात गोव्याच्या विधानसभेत धिरयो कायदेशीर करा अशी मागणी झाली. ती एका पक्षाची नव्हती. पक्कं मैदान करा, मजबूत कठडा घाला, शिंगांना टोप्या घाला, डॉक्टर बसवा, पैज बंद करा. हे सगळं मान्य आहे. पण बघणाऱ्याला गुन्हेगार ठरवलंत तर आमचा अर्धा सासष्टी तालुका कोर्टाच्या पायऱ्यांवर दिसेल. ज्या गोष्टीत अख्खा गाव आहे तिला गुन्हा म्हणून कोणाचं भलं होणार?

---

काळाकोट

तिलारीकाठ, कायदा बरोबर वाचलात. तीन गोष्टींची भर घालतो.

एक. महाराष्ट्रात बघणारा अगदीच मोकळा नाही. आपला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याच्या १२ व्या कलमात सार्वजनिक जागी पक्षी किंवा जनावरं झुंजवणाऱ्याला पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकतात, आणि तिथे हजर राहून त्याला साथ देणाऱ्यालाही. विदर्भात कोंबडबाजारावर, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीच्या अड्ड्यावर धाड पडते ती बहुतेक वेळा याच कलमाखाली. अडचण "साथ देणारा" या शब्दांत आहे. पैज लावली, बैलाला काठी मारली, पैसे गोळा केले, तर साथ. नुसता उभा होता, तर साथ धरायची का?

दोन. हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये १८८२ साली कोनी नावाचा खटला झाला. तो माणसांच्या ठोशाठोशीचा होता, जनावरांचा नव्हे. गर्दीत उभ्या असलेल्या तिघांना दोषी धरलं होतं. अपिलात आठ विरुद्ध तीन न्यायाधीशांनी ते रद्द केलं. नुसती हजेरी म्हणजे चिथावणी नव्हे, असं ठरलं. आपल्याकडचे वकील आजही हाच मुद्दा मांडतात. म्हणून नुसत्या हजेरीला शिक्षा द्यायची असेल तर तसं स्वतंत्र कलम लिहावं लागतं, ओढूनताणून जुन्यात बसत नाही. इंग्लंडने तेच केलं, पण केवढ्या उशिरा बघा. जनावरं झुंजवण्याच्या जागांवर त्यांनी १८३५ मध्ये बंदी घातली. योग्य कारणाशिवाय झुंजीला हजर राहणं हा गुन्हा ठरायला १९८८ उजाडलं. मध्ये १५३ वर्षं गेली. पुढे २००६ च्या कायद्यात ते कलम कायम राहिलं, आणि २०२१ मध्ये कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली.

तीन. पन्नास रुपयांवर सगळं संपतं असं नाही. जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यात नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध करावी लागते. मालकच म्हणतो, "माझा बैल, माझ्या मुलासारखा." मग साक्ष देणार कोण?

---

गुरांची_डॉक्टर

मी या पट्ट्यात तेरा वर्षं गुरं तपासते. गाव सांगत नाही.

झुंजीचा बैल माझ्याकडे दिवसा येत नाही. रात्री साडेदहानंतर फोन येतो. "बाई, बैलाक कुंपणाची तार लागली." जाऊन बघते तर छातीवर रुपयाएवढं भोक. बाहेरून काहीच नाही असं वाटावं. हातमोजा घालून बोट आत घातलं की पूर्ण बोट जातं आणि तळ लागत नाही. शिंग आत जाऊन फिरलेलं असतं, स्नायू फाटलेले असतात, आत माती आणि केस अडकलेले असतात. तारेची जखम लांब असते, अशी खोल नसते. मालकाला ते माहीत असतं, मलाही माहीत असतं. दोघेही तारेबद्दल बोलत राहतो.

शिंग मोडलं तर आणखी वाईट. मोठ्या गुराचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जोडलेली असते. शिंग बुडापासून मोडलं की कवटीचं दारच उघडं पडतं. रक्त नाकातून येतं. आठवड्याभरात पू होतो, माश्या बसतात, अळ्या पडतात. बैल मान तिरकी धरून उभा राहतो, चारा पुढ्यात असून खात नाही. सासष्टीकार, तुम्ही शिंगांना टोप्या घाला म्हणता. टोपीने भोक पडायचं कमी होईल. पण दोन जड जनावरं एकमेकांच्या कपाळावर पूर्ण ताकदीने आदळतात तेव्हा मान, डोळा आणि शिंगाचं बूड वाचवणारी टोपी मी तरी पाहिली नाही.

तुमच्या मामींवर मी अविश्वास दाखवत नाही. असे मालक मी बघितले आहेत, गोठ्यात बैलाशेजारी रात्र काढणारे. मला वाईट याचंच वाटतं की एवढी माया असलेला माणूस त्याला परत त्या शेतात नेतो.

---

झाडीपट्टी

मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे बैल नाही, कोंबडा. पायाला काती बांधतात, बोटाएवढी लोखंडी पाती. दोन-तीन मिनिटांत एक खाली पडते. मेलेला कोंबडा जिंकणारा घेऊन जाते आणि रात्री रस्सा होते. मी लहानपणापासून बघत आलो, आता जात नाही.

पण या धाग्यावर कोणी न बोललेली बाजू सांगतो. आमच्या गावाजवळच्या जंगलात धाड पडली तेव्हा मी तिथून जवळ होतो. ज्यांच्या खिशात हजारो रुपये होते ते आधीच निघून गेले होते, त्यांना फोन आला असावा. सापडले कोण? चणे-फुटाणे विकणारा, त्याचा पोरगा, दोन मजूर आणि एक म्हातारा जो दर आठवड्याला तिथे नुसता बसायला यायचा. मजुराची मोटारसायकल जप्त झाली. हप्त्यावर घेतली होती. ती सोडवायला त्याने तीन महिने तालुक्याच्या फेऱ्या मारल्या, मजुरी बुडाली ती वेगळी.

उद्या नुसती हजेरी गुन्हा झाली तर कलम त्याच माणसांच्या गळ्यात पडणार. पैज लावणारा वकील आणेल. मी झुंजीच्या बाजूचा नाही. कोंबडा मरताना बघितला आहे, मान टाकतो पण डोळा उघडा असतो. पण कायदा लिहिताना त्या मजुराला डोळ्यांसमोर ठेवा, एवढीच विनंती.

---

तिलारीकाठ

झाडीपट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या डोक्यात माझ्यासारखा चारचाकीतून जाणारा नोकरदार होता. चणेवाला नव्हता.

---

पैलतीर

न्यू जर्सीत राहते, मूळची डोंबिवलीची. अमेरिकेत हा प्रवास जवळून वाचला आहे, म्हणून लिहिते.

२००७ मध्ये मायकेल विक नावाच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या मोठ्या खेळाडूच्या व्हर्जिनियातल्या जागेत कुत्र्यांच्या झुंजीचा अड्डा सापडला. त्याला २३ महिन्यांची कैद झाली. तोपर्यंत अनेकांना वाटत होतं की हे कुठेतरी आडगावात चालतं. कोंबड्यांच्या झुंजीवर बंदी घालणारं शेवटचं राज्य लुइझियाना, तेही २००८ मध्ये, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे.

प्रेक्षकांवरचं केंद्रीय कलम २०१४ मध्ये आलं, शेतीच्या मोठ्या कायद्यात घालून. झुंज आहे हे जाणून हजर राहिलात तर एक वर्षापर्यंत कैद. सोळा वर्षांखालच्या मुलाला नेलंत तर तीन वर्षांपर्यंत. कलम का हवं होतं, तर धाडीच्या वेळचा गोंधळ. पोलिस आले की आयोजक, कुत्र्याचा मालक, पैसे सांभाळणारा, सगळे गर्दीत मिसळायचे आणि प्रत्येकजण म्हणायचा, "मी फक्त बघायला आलो होतो." बघणं गुन्हा नसेल तर तेच सगळ्यात सोपं लपायचं ठिकाण. प्रवेशाच्या आणि पैजेच्या पैशावर धंदा चालतो, तो पैसा बघणाराच आणतो, हा दुसरा मुद्दा.

सासष्टीकारांसाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर कोंबड्यांच्या झुंजी शतकानुशतकं चालत आल्या. तिथे पक्की मैदानं होती, परवाने होते, तुम्ही म्हणता तसे सगळे नियम होते. डिसेंबर २०१९ पासून केंद्राची बंदी तिथेही लागू झाली. लोक रस्त्यावर आले, आमची संस्कृती, आमची रोजीरोटी म्हणाले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. तरीही मी बंदीच्या बाजूची आहे, कारण परवाना असलेल्या मैदानातही कोंबडा मरतच होता.

---

सासष्टीकार

पैलतीर, पोर्तो रिकोचं उदाहरण माझ्या विरोधात आहे हे मान्य. पण तिथला निर्णय हजारो मैलांवरून लादला गेला, हेही तितकंच खरं. आमच्याकडेही बंदी कोर्टातून आली, गावाने ठरवलेली नाही. म्हणून ती तीस वर्षांत कागदाबाहेर आली नाही. धिरयो थांबली का? नाही. शेवटच्या अर्ध्या तासात जागा सांगायची, एवढाच बदल झाला. पूर्वी फेस्ताला बायका-पोरं असायची, गावातले वडीलधारे असायचे, ते सांगायचे की आता पुरे, सोडवा. आता मोबाइलवर पैज लावणारे अनोळखी असतात आणि बैल बाहेरून विकत आणलेले, परदेशातल्या पैशावर पोसलेले. लपवाछपवीने धिरयो जास्त वाईट झाली. बघणाऱ्यावर कलम लावलंत तर ती आणखी आत जाईल.

---

करवीर

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. शर्यत आणि झुंज एक नव्हे. आम्ही बैलगाडा शर्यतीसाठी सात-आठ वर्षं भांडलो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती कायम केली. कोणी उद्या म्हणेल की शर्यत चालते मग टक्कर का नाही. शर्यतीत बैल पळतो, समोरच्याला भोसकत नाही. ज्यांना शर्यत टिकवायची आहे त्यांनी टकरीपासून स्वतःहून लांब राहावं, असं मी आमच्या तालमीतही सांगतो.

आणि परंपरेचं म्हणाल तर कोल्हापुरात साठमारी नावाची जागा आजही आहे. संस्थानकाळात तिथे हत्तीला चिडवून साठमार त्याच्यापुढे पळत आणि लोक सुरक्षित जागी उभे राहून बघत. तेव्हा त्यात कोणाला गैर वाटत नसे. आज नाव उरलंय, खेळ गेला. तो गेला म्हणून कोल्हापूर कमी कोल्हापूर झालं नाही.

दिवाळीत पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मालकाच्या हाकेला म्हैस कशी धावत येते ते दाखवतात. गर्दी तेवढीच होते. रक्त लागत नाही.

---

मोगरीचा_मांडव

मी आई म्हणून लिहिते. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या मोबाइलमध्ये रेड्यांच्या टकरीचे आणि कोंबड्यांचे बावीस व्हिडिओ सापडले. तो एकाही ठिकाणी गेलेला नाही. वर पैजेचे आकडे, खाली हसणारी चित्रं. एका व्हिडिओत बैल गुडघ्यावर बसतो आणि मागून कोणीतरी मोठ्याने शिट्टी मारतो. तो भाग माझ्या मुलाने तीनदा बघितला होता, त्याने स्वतः सांगितलं.

मैदानावर हजर असणाऱ्यांबद्दल चर्चा चालली आहे. हे व्हिडिओ काढून पसरवणाऱ्याचं काय? तिथे शंभर माणसं असतील, इथे घराघरात पोचतंय.

---

काळाकोट

मोगरीचा_मांडव, बरोबर जागी बोट ठेवलंत. व्हिडिओ काढणारा बहुतेक वेळा पैज चालवणाऱ्याचाच माणूस असतो, निकाल दाखवायला लागतो म्हणून. नवं कलम लिहायचं झालं तर "प्रसारित करणारा" त्यात आलाच पाहिजे.

आता ते लिहायचं कुठे, हा प्रश्न. प्राण्यांवरील क्रूरता हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. केंद्राने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १९६० च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, त्यात शिक्षा बरीच वाढवलेली होती. पण दिल्लीची वाट बघायलाच हवी असं नाही. करवीर यांनी सांगितलेली २०१७ ची दुरुस्ती राज्याची होती, राष्ट्रपतींच्या संमतीने आली. ज्या वाटेने शर्यत परत आली त्याच वाटेने प्रेक्षकाचं कलमही महाराष्ट्र किंवा गोवा आणू शकतो. २०१४ च्या निकालातच न्यायालयाने म्हटलं होतं की १९६० च्या शिक्षा पुरेशा नाहीत, संसदेने त्या वाढवाव्यात.

झाडीपट्टींची भीती रास्त आहे. उपाय मसुद्यातच करावा लागेल. "जाणूनबुजून" हा शब्द हवा. वाहन जप्त करायचं असेल तर फक्त जनावर किंवा पैजेचा पैसा वाहणारं. पहिल्या वेळी दंड आणि तोही जागेवर पावती देऊन, अटक नाही.

---

गुरांची_डॉक्टर

सासष्टीकारांचा मुद्दा सोडून देऊ नका. लपवाछपवी वाढली की माझ्यापर्यंत बैल आणखी उशिरा पोचतो. आत्ताच मालक रात्रीची वाट बघतात. छातीतल्या भोकाला पहिले सहा तास महत्त्वाचे असतात, माझ्याकडे ते आठ-दहा तासांनी येतात. आणि जो बैल हरला तो काही वेळा येतच नाही, थेट विकला जातो.

---

तिलारीकाठ

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं बदललं, पण मुळातून नाही.

सासष्टीकार, तुमच्या एका वाक्यावर मी दोन दिवस अडून होतो. पूर्वी गावातले वडीलधारे असायचे, ते सांगायचे की आता पुरे, सोडवा. म्हणजे बघणाऱ्याकडे झुंज थांबवायची ताकद होती, हे तुम्हीही मानता. मी त्या शेतात उभा होतो तेव्हा तांबडा पहिल्यांदा मागे सरला, त्या वेळी मी "सोडवा" म्हणालो नाही. शेजारचाही म्हणाला नाही. माझ्या खिशात मोबाइल नव्हता, तो माझ्या हातात होता आणि मी चित्रण करत होतो. ज्याच्याकडे थांबवायची ताकद आहे आणि जो पैसे देऊन ती वापरत नाही, तो कायद्याच्या बाहेर कसा?

गावाने ठरवायला हवं, हेही पटतं. म्हणून काळाकोट यांच्या मदतीने मसुदा खाली देतो. दोन्हीकडच्या आमदारांना पाठवायचा विचार आहे. शब्द वकिलाचे नाहीत, ते नंतर बघतील.

करमणुकीसाठी किंवा पैजेसाठी जनावरांची झुंज होत आहे हे माहीत असून तिथे प्रेक्षक म्हणून हजर राहणाऱ्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, अटक नाही. पुन्हा सापडल्यास दहा हजार. सोळा वर्षांखालील मुलाला नेणाऱ्यास पहिल्याच वेळी दहा हजार. झुंजीचं चित्रण पैजेसाठी किंवा करमणुकीसाठी पसरवणाऱ्यास आयोजकाइतकीच शिक्षा. ज्याच्या वाहनातून जनावर किंवा पैजेचा पैसा आलेला नाही त्याचं वाहन जप्त करू नये. तक्रार करायला, पुरावा गोळा करायला किंवा झुंज सोडवायला गेलेल्यास हे कलम लागू नये. आयोजकाची शिक्षा पन्नास रुपयांवरून निदान पन्नास हजार आणि कैद.

---

झाडीपट्टी

वाहनाची ओळ घातली, बरं केलं. खाण्यापिण्याचं विकणाऱ्याचंही लिहा. तो प्रेक्षक नाही, तो पोटासाठी जिथे गर्दी तिथे जाते. मेळ्यातही जाते.

---

पैलतीर

मसुदा आवडला. मुलांच्या बाबतीत दंडाबरोबर पालकांना बोलावून समज देण्याचीही सोय असावी.

---

सासष्टीकार

मी यावर सही करणार नाही, ते आधीच सांगतो. मला अजूनही नियमातली धिरयो हवी आहे आणि ती मागत राहीन. पण पाठवणारच असाल तर एक ओळ माझ्याकडून घाला. जखमी जनावराला डॉक्टरकडे घेऊन येणाऱ्यावर, ते आणलं एवढ्या कारणावरून गुन्हा दाखल होऊ नये, आणि डॉक्टरवर पोलिसांना कळवायची सक्ती नसावी. मामांचा बैल शेवटच्या धिरीनंतर अकरा दिवस गोठ्यात पडून होता. डॉक्टरला बोलावलं तर पोलिस येतील म्हणून मामांनी हळद आणि डांबर लावलं. बाराव्या दिवशी गेला. मामींनी त्यानंतर गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

---

गुरांची_डॉक्टर

ही ओळ हवीच. आणि सासष्टीकार, तुमच्या ओळखीत आत्ता कोणाच्या गोठ्यात असा बैल असेल तर मला निरोप पाठवा. गाव विचारणार नाही, तार की शिंग तेही विचारणार नाही. फक्त सकाळची वाट बघू नका.